बाजारपेठेचा जुना फोटो नेमका कोणत्या सालचा? पाटी, नंबर प्लेट आणि भिंतीवरून असं ओळखा

लातूर : गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादा काळा-पांढरा फोटो येतो. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘आपली गंजगोलाई, सन १९३०’. दहा मिनिटांत हात जोडलेल्या चिन्हांचा पाऊस पडतो आणि फोटो पुढच्या पाच ग्रुपवर जातो. फोटोतल्या दुकानाच्या पाटीवर पिनकोड लिहिलाय, हे मात्र कुणी बघत नाही. पिनकोड आपल्या देशात सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. म्हणजे फोटो १९३० चा असणं शक्यच नाही. फोटो खरा आहे, फोटोखालची ओळ खोटी आहे.

यात एवढं काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. पण जुन्या फोटोवर आज बरंच काही अवलंबून असतं. रस्ता रुंदीकरणाची नोटीस आली की दुकानदार ‘आम्ही इथं किती वर्षांपासून आहोत’ हे दाखवायला कपाटातले फोटो काढतात. भावाभावांत वाटणी होते तेव्हा दुकान आजोबांनी टाकलं की वडिलांनी, यावर वाद होतो. किल्लारी, सास्तूर भागातल्या कित्येक गावांची जुनी पेठ ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात गेली आणि गावं नव्या जागी वसली. तिथल्या माणसांकडे जुन्या गावाचं जे काही उरलंय, ते फोटोतच. अशा फोटोवर चुकीचं साल पडलं की पुढच्या पिढीला तेच खरं वाटतं.

फोटोचं साल काढायला मोठी विद्या लागत नाही. मोबाईलवर फोटो मोठा करून शांतपणे बघता आला पाहिजे आणि काही तारखा माहीत पाहिजेत. त्या तारखा आणि बघण्याची पद्धत इथे दिली आहे.

आधी ही एक गोष्ट समजून घ्या

फोटो बघून एकदम ‘अमुक साल’ म्हणायचं नाही. दोन टोकं शोधायची. पहिलं टोक म्हणजे ‘याच्या आधीचा नाही’. दुसरं टोक म्हणजे ‘याच्या नंतरचा नाही’. खरं साल या दोन टोकांच्या मध्ये असतं. पुरावे वाढतील तशी टोकं जवळ येतात.

‘आधीचा नाही’ हे टोक पक्कं असतं. जी वस्तू तेव्हा नव्हतीच, ती फोटोत येणार कशी? ‘नंतरचा नाही’ हे टोक मात्र ढिलं असतं, कारण जुनी वस्तू वर्षानुवर्षे टिकते. वडिलांच्या काळातली पत्र्याची पाटी मुलगा वीस वर्षं तशीच ठेवतो. जुनी राजदूत गाडी आजही एखाद्या गल्लीत दिसते. त्यामुळे फोटोतली सगळ्यात नवी वस्तू कोणती, हे आधी शोधायचं. जुन्या वस्तू कितीही असल्या तरी फोटोचं वय नव्या वस्तूवरूनच ठरतं.

पाटीवरचा पत्ता : तालुका आणि जिल्हा

दुकानाच्या नावापेक्षा त्याखालची बारीक ओळ जास्त कामाची. ‘ता.’ आणि ‘जि.’ पुढे काय लिहिलंय ते वाचा. आपल्या भागात जिल्हे अनेकदा बदलले, आणि प्रत्येक बदलाची तारीख नोंदलेली आहे.

- लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला झाला. त्याआधी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. पाटीवर ‘लातूर, जि. उस्मानाबाद’ असेल तर ती पाटी त्याआधी रंगवलेली आहे.
- जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे १ मे १९८१ चे. ‘जालना, जि. औरंगाबाद’ ही पाटी त्याआधीची.
- गडचिरोली जिल्हा १९८२ च्या ऑगस्टमधला. त्याआधी तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता.
- वाशीम आणि नंदुरबार १ जुलै १९९८ ला झाले. आधी वाशीम अकोल्यात, नंदुरबार धुळ्यात.
- हिंगोली आणि गोंदिया १ मे १९९९ चे. आधी हिंगोली परभणीत, गोंदिया भंडाऱ्यात.
- पालघर १ ऑगस्ट २०१४ चा. आधी ठाणे जिल्हा.

शहरांची नावंही बदलली. पाटीवर ‘छत्रपती संभाजीनगर’ किंवा ‘धाराशिव’ असं सरकारी कार्यालयाचं नाव असेल, तर फोटो २०२३ किंवा त्यानंतरचा. मात्र खाजगी दुकानदारांनी आणि संघटनांनी ही नावं कितीतरी आधीपासून लिहिलेली आहेत. म्हणून इथे सरकारी पाटी आणि खाजगी पाटी यात फरक करा.

नगरपालिकेची पाटीही बघा. लातूरची महानगरपालिका २०११ मध्ये झाली. कचऱ्याच्या गाडीवर किंवा पाण्याच्या टाकीवर ‘लातूर नगर परिषद’ असेल तर ते रंगकाम त्याआधीचं.

मराठवाड्यासाठी आणखी एक खूण आहे. हा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मग तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. सरकारी पाटीवर यापैकी कोणत्या राज्याचं नाव आहे त्यावरून काळ कळतो. फक्त उर्दू अक्षरं दिसली म्हणून फोटो निजामाच्या काळातला धरू नका. उर्दू पाट्या नंतरही होत्या, आजही आहेत.

पिनकोड आणि फोन नंबर

सहा आकडी पिनकोड असेल तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. लातूरचा ४१३५१२ सगळ्यांना पाठ आहे. पण पिनकोड नाही म्हणून फोटो १९७२ च्या आधीचा, असा उलटा हिशोब करू नका. पुष्कळ दुकानदारांनी पिनकोड कधीच लिहिला नाही.

फोन नंबरचे आकडे मोजा. गावात हाताने जोडणी करणारं एक्स्चेंज होतं तेव्हा दुकानाचा नंबर दोन किंवा तीन आकडी असायचा. ‘फोन नं. ४५’ अशी पाटी लहान गावात बरीच वर्षं चालली. पुढे आकडे वाढत गेले. कंसात एसटीडी कोड, जसा लातूरचा ०२३८२, हा प्रकार एसटीडी आल्यानंतरचा. पिवळ्या रंगातलं ‘एसटीडी आयएसडी पीसीओ’ असं बूथ दिसलं तर काळ साधारण १९८० च्या दशकाच्या शेवटापासून २००० च्या दशकापर्यंतचा. २००२-०३ च्या सुमारास देशभर लँडलाईन नंबरच्या पुढे ‘२’ हा आकडा जोडला गेला. जुन्या पाट्यांवर तो २ नंतर बारीक घुसवलेला दिसतो. असा घुसवलेला आकडा दिसला की पाटी जुनी आणि फोटो नवा, हे लगेच कळतं.

दहा आकडी मोबाईल नंबर असेल तर काळ आणखी पुढचा. देशात मोबाईल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली, तालुक्याच्या बाजारात ती पोहोचली त्याच्या काही वर्षांनी. दुकानाबाहेर कंपन्यांच्या पाट्या असतात, त्याही वाचा. बीएसएनएल १ ऑक्टोबर २००० ची. हचची व्होडाफोन झाली २००७ मध्ये. जिओ सुरू झालं सप्टेंबर २०१६ मध्ये. व्होडाफोन-आयडियाचं ‘व्ही आय’ हे नाव सप्टेंबर २०२० मधलं.

भाव आणि पैसे

हॉटेलच्या फळ्यावर, रसवंतीवर, सलूनमध्ये दर लिहिलेले असतात. दर किती आहे यापेक्षा तो कोणत्या नाण्यात लिहिलाय ते बघा.

आणे लिहिले असतील तर काळ १९५७ च्या आसपास किंवा आधीचा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. सुरुवातीला त्यांना ‘नवे पैसे’ म्हणत, आणि १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गेला. त्यामुळे ‘न. पै.’ लिहिलेला फळा हा फार मोलाचा पुरावा आहे. तो जवळपास सात वर्षांच्या आत येऊन बसतो. शेर आणि मण जाऊन किलो आला तोही याच काळात. मेट्रिक वजनं ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली. अर्थात बोलण्यात शेर आणि मण पुढे खूप वर्षं राहिले, काही पाट्यांवरही राहिले.

रुपयाचं ₹ हे चिन्ह १५ जुलै २०१० ला ठरलं. ते फोटोत असेल तर फोटो त्यानंतरचा. काउंटरवर चौकोनी क्यूआर कोड चिकटवलेला असेल तर फोटो बहुधा नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतरचा. पाटीवर जीएसटी क्रमांक असेल तर तो २०१७ किंवा त्यानंतरचा. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला.

बँक आणि पेट्रोल पंप

बाजारपेठेच्या फोटोत बँकेची पाटी आली की काम सोपं होतं. बँकांची नावं कधी बदलली याच्या तारखा पक्क्या आहेत.

आपल्या भागात ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ गावोगावी होती. या बँकेची स्थापना १९४१ ची, पण तेव्हाचं नाव ‘हैदराबाद स्टेट बँक’ होतं. ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ हे नाव १९५६ पासूनचं. १ एप्रिल २०१७ ला ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. भारतीय स्टेट बँक स्वतः १ जुलै १९५५ ला झाली, त्याआधी ती इंपीरियल बँक होती. स्टेट बँकेचं निळं गोल, मधोमध छिद्र असलेलं चिन्ह १९७१ पासूनचं. देना बँकेची पाटी असेल तर फोटो बहुधा २०१९ च्या आधीचा, कारण १ एप्रिल २०१९ ला ती बँक ऑफ बडोद्यात गेली. ‘मराठवाडा ग्रामीण बँक’ २००९ मध्ये ‘महाराष्ट्र ग्रामीण बँक’ झाली.

पेट्रोल पंपाचंही तसंच. बर्मा-शेल कंपनी सरकारनं जानेवारी १९७६ मध्ये ताब्यात घेतली, आणि ‘भारत पेट्रोलियम’ हे नाव १९७७ मध्ये आलं. ‘एस्सो’चं हिंदुस्थान पेट्रोलियम १९७४ मध्ये झालं. म्हणजे पंपावर ‘बर्मा-शेल’ किंवा ‘एस्सो’ दिसलं तर फोटो साधारण १९७५-७७ च्या आतला.

थंड पेयाच्या जाहिरातीही बघा. कोका-कोला १९७७ मध्ये देशातून गेली आणि १९९३ मध्ये परत आली. थम्स अप आलं १९७७ मध्ये. पानटपरीवर थम्स अपचा पत्रा असेल तर फोटो त्याआधीचा नाही.

गाड्या आणि नंबर प्लेट

रस्त्यावरची गाडी ही बोलकी साक्षीदार. नंबर प्लेट वाचता आली तर उत्तमच. नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला आणि त्यानंतर जिल्हावार क्रमांक आले. लातूर एमएच २४, धाराशिव २५, नांदेड २६, बीड २३, परभणी २२, जालना २१, सोलापूर १३. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असा नंबर असायचा. प्लेटचा रंगही बघा. खाजगी गाडीची काळी प्लेट आणि पांढरी अक्षरं ही जुनी पद्धत. पांढऱ्यावर काळी अक्षरं २००१-०२ च्या सुमारास आली. काळा-पांढरा फोटो असला तरी हा फरक ओळखू येतो.

गाडीच्या मॉडेलवरून ‘याच्या आधीचा नाही’ हे टोक मिळतं :

- टाटाच्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असेल तर तो ट्रक १९५४ ते १९६९ च्या दरम्यान बनलेला. नंतर तारा जाऊन ‘टी’ अक्षर आलं. पण ट्रक वीस-वीस वर्षं धावतो, हे विसरू नका.
- बजाज चेतक आणि लुना : १९७२ पासून.
- मारुती ८०० : डिसेंबर १९८३ पासून.
- हिरो होंडा सीडी १०० : १९८५ पासून. स्प्लेंडर : १९९४ पासून.
- टाटा सुमो : १९९४ पासून.
- टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती : २००५ पासून.

एसटीची लाल गाडी दिसली की लोक लगेच ‘जुना काळ’ म्हणतात. एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली आणि लाल गाडी आजही धावते. म्हणून नुसत्या एसटीवरून साल ठरत नाही.

भिंतीवरची रंगरंगोटी आणि सिनेमाचे पोस्टर

निवडणुकीत भिंतीवर रंगवलेलं चिन्ह वर्षानुवर्षे राहतं. काँग्रेसची बैलजोडी १९६९ मधल्या फुटीपर्यंतची. त्यानंतर इंदिरा गांधींच्या काँग्रेसचं गाय-वासरू १९७१ पासून १९७७ पर्यंतच्या निवडणुकांत होतं. हाताचा पंजा १९७८ पासूनचा. जनसंघाची पणती १९७७ च्या आधीची, जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी १९७७ चा, भाजपचं कमळ १९८० पासूनचं. राष्ट्रवादीचं घड्याळ १९९९ पासून. चिन्ह ताजं आहे की पुसट, तेही बघा. रंग ताजा असेल तर निवडणूक जवळची.

सिनेमाचं पोस्टर दिसलं तर सिनेमाचं नाव वाचा. ‘पिंजरा’ १९७२ चा, ‘शोले’ आणि ‘जय संतोषी माँ’ १९७५ चे, ‘माहेरची साडी’ १९९१ चा, ‘सैराट’ २०१६ चा. पण एक सावधगिरी. पूर्वी मुंबईत लागलेला सिनेमा तालुक्याच्या टॉकीजला यायला महिनोन्महिने लागायचे. जत्रेतल्या तंबूत तर जुनेच सिनेमे फिरायचे. त्यामुळे पोस्टरवरून ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच ठरवा.

पाटी कशाची आहे, हेही सांगतं. पूर्वी लाकडी किंवा पत्र्याची पाटी पेंटर हाताने रंगवायचा. कोपऱ्यात तो आपलं नाव टाकायचा, कधी सालही टाकायचा. तो कोपरा मोठा करून बघायला विसरू नका. छापील फ्लेक्स आपल्याकडे साधारण २००० नंतर पसरला. दुकानावर फ्लेक्स आहे आणि खाली लिहिलंय ‘सन १९७०’, तर ती ओळ पुसून टाका.

छताकडेही बघा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण खेड्यापाड्यात आणि लहान शहरात टीव्ही पोहोचला १९८० च्या दशकात. घरावर अँटेना असेल तर ते दशक मनात धरा. डीटीएचची छोटी छत्री असेल तर फोटो २००३ नंतरचा. सगळ्यांच्या तोंडाला मास्क आणि दुकानांची शटर बंद, असा फोटो २०२०-२१ चा, हे तर लहान मुलंही सांगतील.

इमारतीवरचा दगड आणि जुनी सालं

गंजगोलाईची गोल इमारत १९१७ ची. म्हणजे गोलाई दिसते तो फोटो त्याआधीचा नाही. पण गोलाई तेव्हापासून उभीच आहे, म्हणून तिच्यावरून फोटो ‘१९१७ चा’ ठरत नाही. ही चूक सगळ्यात जास्त होते. इमारतीचं साल हेच फोटोचं साल, असं लोक धरून चालतात.

जुन्या वाड्यावर, धर्मशाळेवर, देवळावर शिलालेख किंवा कोनशिला असते. त्यावर इसवी सन असेलच असं नाही.

- शके असेल तर ७८ मिळवा. शके १८४५ म्हणजे १९२३. जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९ मिळवा.
- विक्रम संवत असेल तर ५६ किंवा ५७ वजा करा. गुजराती-मारवाडी व्यापाऱ्यांच्या वह्यांवर हे साल दिसतं, ते दिवाळीच्या पाडव्याला बदलतं.
- फसली असेल तर ५९० मिळवा. निजामाच्या राज्यात हे साल चालायचं. १३४० फसली म्हणजे साधारण १९३०-३१.

चौकातल्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर अनावरणाची तारीख कोरलेली असते. फोटोत पुतळा आहे की नाही आणि चौथऱ्यावर तारीख काय, एवढ्यावरून फोटो पुतळ्याआधीचा की नंतरचा हे ठरतं. त्यासाठी कुठं जायला नको. बाजाराला गेलात की चौथऱ्याचा फोटो काढून आणा.

फोटोचा कागद काय सांगतो

फोटो हातात असेल तर उलटा करून बघा. मागे स्टुडिओचा शिक्का असतो. कधी पेन्सिलीनं तारीख किंवा निगेटिव्हचा नंबर असतो. चौरस आकाराचे काळे-पांढरे फोटो बहुधा १२० च्या रोलवरचे, ॲग्फाच्या ‘क्लिक थ्री’सारख्या साध्या कॅमेऱ्यातले. घरोघरी रंगीत फोटो आले ते १९८० च्या दशकात. पण काळे-पांढरे फोटो त्यानंतरही निघत राहिले, कारण ते स्वस्त पडायचे. म्हणून काळा-पांढरा म्हणजे फार जुना, हे डोक्यातून काढून टाका.

कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख असेल तर आनंद होतो, पण जपून. कॅमेऱ्यातली तारीख अनेकांनी कधी लावलीच नव्हती. मोबाईलवर फोटोची ‘माहिती’ उघडली तर जी तारीख दिसते, ती बहुतेक वेळा फोटोचा फोटो काढल्याची. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत मूळ माहिती उरतच नाही.

आता नवी अडचण आली आहे. जुना फोटो रंगीत आणि स्वच्छ करून देणारी ॲप आली आहेत. ती पुसट अक्षरं स्वतःच्या मनानं भरतात. पाटीवर नसलेला शब्द तयार होतो. साडीचा, गाडीचा रंग तर अंदाजानंच दिलेला असतो. साल काढायला नेहमी मूळ फोटोच घ्या. फोटो उलटा छापलाय का, हेही बघा. अक्षरं आरशातल्यासारखी दिसत असतील किंवा गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असेल तर फोटो उलटा आहे आणि डावी-उजवी दुकानं बदललेली आहेत.

समजा, असा फोटो हाती आला

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कुटुंबाकडे कापड दुकानाचा फोटो आहे. घरात सगळे म्हणतात, ‘हा दुकानाच्या उद्घाटनाचा, १९६२ चा.’ फोटो मोठा करून बघितला.

पाटीवर ‘लातूर, जि. उस्मानाबाद’ आहे. म्हणजे पाटी १६ ऑगस्ट १९८२ च्या आधी रंगवलेली. त्याच पाटीवर पिनकोडही आहे. म्हणजे फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. इथेच १९६२ बाद झालं. शेजारच्या भिंतीवर गाय-वासरू ताज्या रंगात आहे. म्हणजे बहुधा १९७७ च्या निवडणुकीपर्यंतचा काळ. खांबावर ‘जय संतोषी माँ’चं पोस्टर आहे. म्हणजे १९७५ च्या आधीचा नाही. समोर उभ्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तारा आहे, पण ट्रक जुना असू शकतो, म्हणून त्याला फार वजन द्यायचं नाही.

निष्कर्ष : फोटो अंदाजे १९७५ ते १९७८ च्या मधला.

आता घरच्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. दुकान १९६२ ला सुरू झालं नव्हतं, असं यातून सिद्ध होत नाही. हा फोटो उद्घाटनाचा नाही, एवढंच कळलं. १९६२ साठी दुसरा पुरावा शोधायचा. जुनी वही, पावती पुस्तक, गुमास्ता परवाना, घरपट्टीची पावती, लाईट बिल, लग्नपत्रिकेवरचा दुकानाचा पत्ता, जुन्या स्मरणिकेतली जाहिरात, यातलं काहीतरी सापडतं.

कोर्ट-कचेरीत फोटो चालतो का?

नुसत्या फोटोवर हक्क सिद्ध होत नाही. मालमत्ता पत्रक, कराच्या पावत्या, भाडेपावत्या, परवाने हे मूळ कागद. फोटो त्यांना जोड देतो. मूळ प्रिंट आणि असेल तर निगेटिव्ह जपून ठेवा. मोबाईलमधली प्रत पुरावा म्हणून द्यायची असेल तर त्यासोबत ठरलेलं प्रमाणपत्र लागतं. आधी पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब मध्ये ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. वकिलांना विचारूनच पुढे जा. आणि फोटोवर मनानं साल लिहून तो दाखल करू नका. समोरच्या वकिलानं पाटीवरचा पिनकोड दाखवला तर बाकीच्या खऱ्या कागदांवरही संशय येतो.

म्हाताऱ्या माणसांना असं विचारा

‘हा फोटो कोणत्या सालचा?’ असं आजोबांना विचारलं तर ते काहीतरी साल सांगून मोकळे होतात. त्याऐवजी घटनेशी जोडून विचारा. ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा की नंतरचा?’ ‘भूकंप झाला तेव्हा हे हॉटेल होतं का?’ ‘रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी ही टपरी इथंच होती का?’ लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते एप्रिल २०१६ ला. ‘तुमच्या लग्नात कपडे याच दुकानातून घेतले का?’ माणूस साल विसरतो, पण कशाआधी आणि कशानंतर हे विसरत नाही. दोन-तीन जणांना वेगवेगळं विचारा. एकत्र बसवून विचारलं की पहिला बोलतो तेच बाकीचे म्हणतात.

घाई मात्र करा. त्या पेठेत गल्ल्यावर बसलेली, पाट्या रंगवलेली, हमाली केलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत.

फोटो जपताना आणि पुढे पाठवताना

- फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नका, पुढे उमटतं. मऊ पेन्सिलीनं कडेला हलकं लिहा.
- लॅमिनेशन करू नका. नंतर ते निघत नाही.
- पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू स्कॅन करा.
- व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे बारीक अक्षरं शाबूत राहतात.
- फोटो कुणाच्या घरातला आहे त्यांना विचारूनच ग्रुपवर टाका.
- खाली नुसतं साल लिहू नका. आधार लिहा. उदाहरणार्थ : ‘गंजगोलाई, लातूर. अंदाजे १९७५ ते १९७८. आधार : पाटीवर पिनकोड, भिंतीवर गाय-वासरू, सिनेमाचं पोस्टर.’

असं लिहिलं की कुणाला चूक दिसली तर तो नेमकी चूक दाखवू शकतो, आणि नवा पुरावा मिळाला तर साल सुधारता येतं. पुढच्या वेळी ग्रुपवर ‘सन १९३०’ असा फोटो आला की हात जोडण्याआधी दोन बोटांनी तो मोठा करून पाटी वाचा. साल बहुतेक वेळा तिथंच लिहिलेलं असतं.